मावळच्या खाचरांतील कर्ब

वैशाख सरत आला आणि मृगाची चाहूल लागली, म्हणजे मावळांतील गांवांच्या कडेला, भातखाचरांच्या मधून, निळसर धुराचे लोट उठूं लागतात. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, वाळलेलें गवत, शेण हें सर्व थरावर थर रचावयाचें, वर मातीचा पातळ थर द्यावयाचा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनें तें हळूहळू पेटूं द्यावयाचें आणि अशा भाजलेल्या जागेंत पहिल्या पावसाबरोबर भाताचें बीं टाकावयाचें, ही राबाची रीत. घाटमाथ्यावरील शेतकऱ्याला ती वाडवडिलांपासून ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनीं १९१२ सालीं या राबाच्या पद्धतीची रासायनिक चिकित्सा प्रसिद्ध केली. राबाचा गुण राखेंत आहे कीं जमिनीला लागणाऱ्या आंचेंत आहे, असा त्या काळचा वाद होता.

आज त्याच धुराकडे आणि त्याच मातीकडे एक निराळाच जिज्ञासु पाहूं लागला आहे. राखेचें त्याला कांहीं नाहीं. फांदी जळाल्यावर जो कर्ब हवेंत गेला त्याचें वजन किती, ती न जळतां मातींत कुजली असती तर त्यांतील किती कर्ब जमिनींत राहिला असता, आणि त्या राहिलेल्या कर्बाचे टनामागें किती रुपये होतात, हा त्याचा प्रश्न आहे. या व्यवहारास कर्बशेती असें नांव पडलें आहे. तिच्या नांवानें करारपत्रें घेऊन फिरणारे लोक महाराष्ट्रांतील खेड्यांतून दिसूं लागले आहेत. म्हणून मावळांतील दोन-तीन एकरांच्या खातेदाराच्या दृष्टीनें या व्यवहाराची उलटसुलट तपासणी करणें अगत्याचें झालें आहे.

प्रथम कर्बाला किंमत कशी आली तें पाहिलें पाहिजे. धुराडें असलेल्या कारखान्यानें कोळसा विकत घेतला, त्याचे पैसे मोजले. परंतु त्या कोळशापासून झालेला कर्बवायु त्यानें हवेंत सोडला, त्याबद्दल त्यानें कोणासच कांहीं दिलें नाहीं. हवा तापली, पावसाचें वेळापत्रक चुकलें, तर तो भुर्दंड सर्वांच्या अंगावर पडतो. हा भुर्दंड सोडणाराच्याच खात्यावर मांडावयाचा, एवढाच या साऱ्या योजनेचा गाभा. तो मांडण्याचे मार्ग दोन. एक सरळ कराचा. फिनलंडनें १९९० सालीं आणि स्वीडननें १९९१ सालीं तो पत्करला. दुसरा मार्ग मर्यादेचा: प्रत्येक कारखान्यानें किती वायु सोडावा हें सरकारनें ठरवावयाचें, जो त्याहून कमी सोडील त्यानें आपली बचत विकावी, जो अधिक सोडील त्यानें ती विकत घ्यावी. युरोपांत हा बाजार २००५ सालापासून चालू आहे.

हिंदुस्थानांत पहिल्या मार्गाचा एक प्रयोग होऊन गेला. २०१० सालीं कोळशावर टनामागें ५० रुपयांचा उपकर बसला. तो वाढत वाढत २०१६ सालीं ४०० रुपयांपर्यंत गेला. पुढल्या वर्षीं तो वस्तु व सेवा कराच्या भरपाई-उपकरांत विरघळला आणि २०२५ च्या सप्टेंबरांत कोळशावरील तो भरपाई-उपकरहि संपला. आतां भर दुसऱ्या मार्गावर आहे. २०२२ सालीं ऊर्जा-संधारण कायदा सुधारण्यांत आला आणि त्याच्या आधारें २८ जून २०२३ रोजीं कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर झाली. तिचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे आणि बाजाराचें नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे सोंपविलें आहे. २०२५ सालीं ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद वगैरे धंद्यांतील कारखान्यांना वायूच्या प्रमाणाचीं बंधनकारक उद्दिष्टें ठरवून देण्यास आरंभ झाला.

या घाईला बाहेरचेंहि एक कारण आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपांत जाणाऱ्या लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि मालावर त्यांतील कर्बाच्या मानानें आकार भरण्याचें बंधन आयातदारांवर आलें. मात्र मूळ देशांतच कर्बाची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. तेव्हां हा पैसा परक्या तिजोरींत जाण्याऐवजीं घरींच राहावा, असें कोणत्याहि सरकारला वाटणारच. चाकण-तळेगांवच्या कारखान्यांना सुट्या भागांसाठीं पोलाद लागतें. म्हणजे हा प्रश्न वडगांवच्या बाजारापासून फार दूरचा नाहीं.

पण कारखान्याच्या धुराड्याचा आणि शेतकऱ्याच्या खाचराचा संबंध कोठें येतो? तो असा येतो. हवेला कर्ब कोठून आला आणि कोठें कमी झाला याच्याशीं कर्तव्य नाहीं. ज्याला आपला धूर कमी करणें फार महाग पडतें त्यानें दुसऱ्या कोणाला तरी पैसे देऊन तेवढाच कर्ब हवेंतून खेंचून घ्यावा, अशी ही अदलाबदल आहे. झाड, गवत, पीक हीं जन्मभर हेंच काम करीत असतात. मग त्यांच्या धन्याला त्याचा मोबदला कां मिळूं नये? ऑस्ट्रेलियानें २०११ सालीं कायदा करून या कल्पनेस कर्बशेती हें नांवच देऊन टाकलें. आपल्याकडील योजनेंतहि, सक्ति नसलेल्या लोकांना स्वेच्छेनें प्रकल्प नोंदवितां यावेत म्हणून डिसेंबर २०२३ मध्यें निराळें दार उघडण्यांत आलें आणि त्यांत शेती व वनें यांचा समावेश झाला. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्यें केंद्रीय कृषि मंत्रालयानें शेतीक्षेत्रांतील स्वेच्छा-बाजारासाठीं एक चौकट प्रसिद्ध केली.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला नाहीं तर मोठी फसगत होते. युरोपांतील सक्तीच्या बाजारांत कर्बाचा भाव टनास कित्येक हजार रुपये असतो, तो आंकडा पुष्कळदां खेड्यांतील सभेंत सांगितला जातो. परंतु त्या बाजारांत मावळच्या शेताचें क्रेडिट चालतच नाहीं; बाहेरच्या देशांतील असलीं क्रेडिटें तेथें २०२१ पासून वापरतां येत नाहींत. शेतकऱ्याचा माल जातो तो स्वेच्छेच्या बाजारांत, म्हणजे ज्या कंपन्यांनीं आपण होऊन कर्बमुक्तीचें वचन दिलें आहे त्यांच्याकडे. तेथला भाव पुष्कळच खालचा आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीवर डोलणारा असतो.

आतां मावळची जमीन पाहूं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत सामान्य खातेदाराजवळ दोन जातींची जमीन असते. खालीं बांध घातलेलीं भातखाचरें. वर डोंगरउतारावर नाचणी-वरीची किंवा नुसत्या गवताची वरकस. महाराष्ट्रांतील सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषि-गणनेप्रमाणें १.३४ हेक्टर आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे वडगांव-तळेगांवास येईपर्यंत तो झपाट्यानें ओसरतो. वडगांवच्या भात-संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ च्या सुमारास प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत शिजतो. त्याचें माहेर हेंच.

भाताच्या खाचरांत कर्बाची कथा थोडी अवघड आहे. पाणी तुंबून राहिलें कीं मातींतला प्राणवायु संपतो आणि तेथले सूक्ष्म जंतु कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन हा दलदलीचा वायु निर्माण करतात. हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या सुमारें २८ पट उष्णता धरून ठेवतो. सतत पाण्याखालीं असलेल्या एक हेक्टर खाचरांतून एका हंगामांत शंभर किलोच्या आसपास मिथेन निघूं शकतो. म्हणजे ढोबळ मानानें अडीच ते पावणेतीन टन कर्बवायूइतका उपद्रव. यावर फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें साधा उपाय काढला. भोकें पाडलेली एक नळी खाचरांत रोवावयाची. तिच्यांतलें पाणी जमिनीखालीं १५ सेंटिमीटर उतरलें कीं मगच पुन्हां पाणी सोडावयाचें. मधूनमधून माती श्वास घेते, मिथेन जवळजवळ निम्म्यानें उतरतो, आणि पीक घटत नाहीं. कर्बाच्या बाजारांत भाताचे जे प्रकल्प येतात त्यांतील पुष्कळ या नळीवर उभे आहेत.

मावळांत मात्र ही नळी आषाढांत रोवून बसण्यांत फारसा अर्थ नाहीं. तेथें पाणी सोडतो तो आभाळांतला धनी. शेतकऱ्याच्या हातीं चाक नाहीं. वरच्या खाचराचें पाणी खालच्या खाचरांत आणि तेथून ओढ्याला, अशी उतरंड असल्यामुळें एकट्यानें आपलें खाचर कोरडें करावयाचें म्हटलें तरी शेजाऱ्याचा बांध आड येतो. पंजाबच्या किंवा तेलंगणाच्या कालव्या-विहिरींवरील भाताकरितां जुळविलेली युक्ति डोंगरी, पावसाळी भातास जशीच्या तशी लागू पडत नाहीं. करार पुढें करणारा माणूस ही गोष्ट आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

मावळाला अधिक जवळची वाट घाट उतरल्यावर सांपडते. कर्जत तालुक्यांतील नेरळ येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं सगुणा बागेंत भाताची जी नवी रीत बसविली, ती सगुणा राईस टेक्निक या नांवानें ओळखली जाते. तींत चिखलणी नाहीं, आवण काढून लावणी नाहीं. कायमचे गादीवाफे करून त्यांवर बीं टोंचावयाचें. कापणीनंतर बुंधे आणि मुळें जमिनींतच राहूं द्यावयाचीं. पुढील पिकाआधीं जमीन नांगरावयाची नाहीं. मुळें कुजून मातींत राहिलीं कीं सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळें येतात, आणि वाफा पाण्याच्या वर राहिल्यानें मुळांभोंवतीं हवा खेळते. राबाचा धूर आणि त्यासाठीं होणारी झाडांची छाटणीहि वांचते, कारण भाजलेल्या रोपवाटिकेची गरजच उरत नाहीं. या पद्धतीला तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, हा तिच्यावरील खरा आक्षेप आहे, आणि तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु लावणीला माणूस मिळेनासा झालेल्या मुलखांत तिचें आकर्षण कर्बाच्या पैशावर अवलंबून नाहीं, आणि हेंच तिचें बळ आहे.

मातींतील कर्बाची किंमत खरोखर किती होते? गणित अवघड नाहीं. एका एकरांतील एक फूट खोलीच्या मातीचें वजन सुमारें १,६०० टन भरतें. तींतील सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.५ होता तो दहा वर्षांच्या मेहनतीनें ०.६ झाला असें समजा. म्हणजे १.६ टन कर्ब वाढला. कर्बाच्या एका टनापासून ३.६७ टन कर्बवायु होतो, म्हणून ही वाढ सुमारें ५.९ टन कर्बवायूची झाली. वर्षाकांठीं अर्ध्या टनाहून थोडी अधिक. टनास एक हजार रुपये भाव धरला, तर एकरीं वर्षाला ५९० रुपये. त्यांतील पांचवा भाग पुढेंमागें कर्ब पुन्हां उडून गेला तर म्हणून राखीव ठेवला, आणि उरलेल्यांतील अर्धा भाग मोजणी, तपासणी, नोंदणी व मध्यस्थ यांत गेला, तर शेतकऱ्याच्या पदरांत सुमारें २३६ रुपये पडतात. भाव दुप्पट धरा, वांटा वाढवून धरा. तरी हा आंकडा एका क्विंटल इंद्रायणी तांदळाच्या आसपासहि पोंचत नाहीं.

शिवाय घाटमाथ्याच्या ओल्या मातींत देशावरील कोरडवाहू जमिनीपेक्षां मुळांतच सेंद्रिय कर्ब अधिक असतो. भरलेल्या रांजणांत आणखी ओतावें तरी किती? ज्यानें शेणखत घालून आणि बांध राखून जमीन सांभाळली, त्याच्याकडे वाढीला जागा थोडी; ज्यानें ती नासविली, त्याच्याकडे पुष्कळ. बाजार वाढीचे पैसे देतो, सांभाळाचे देत नाहीं.

वरकस जमिनीचें चित्र थोडें आशादायक आहे. झाड हें मातीपेक्षां लौकर आणि डोळ्यांना दिसेल अशा रीतीनें कर्ब साठवितें. दोन एकर ओसाड उतारावर बांबू, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ अशी मिश्र लागण केली आणि ती जगली, तर वर्षाला चार-पांच टन कर्बवायु ती बांधूं शकेल. वरच्याच हिशेबानें शेतकऱ्याच्या हातीं दोन हजार रुपयांच्या जवळपास येतील. त्याखेरीज फळ आणि बांबू हीं त्याचीं आहेतच. शेतकऱ्यांना झाडें लावण्याची धास्ती वाटते ती कापण्याच्या परवानगीमुळें. १९६४ च्या वृक्षतोड-नियमनाच्या कायद्यानें साग, आंबा, फणस, हिरडा, ऐन, जांभूळ इत्यादि झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. बांबूची गोष्ट निराळी. २०१७ सालीं वनकायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू झाडाच्या व्याख्येंतून वगळला गेला. म्हणून वरकस जमिनीसाठीं आज त्याचीच शिफारस अधिक होते. मात्र बांबूचें बेट राखून दरवर्षीं पिकलेल्या काठ्याच काढल्या पाहिजेत. सगळें बेट एकदम तोडलें, तर कर्बाचा करारहि त्याबरोबर तुटतो.

या व्यवहाराची सर्वांत विचित्र अट अशी कीं, पैसे मिळतात ते अन्यथा घडलें नसतें अशा कामाचेच. मावळांत आणि शेजारच्या मुळशी-भोरांत देवरायांचीं कित्येक रानें आजहि उभीं आहेत. देवाच्या नांवानें कुऱ्हाड बंद ठेवलेल्या या रानांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केला. तेथल्या एकेका जुन्या वृक्षांत जो कर्ब सांठलेला आहे तो नवीन लावलेल्या एकरभर रोपांत वीस वर्षांतहि भरावयाचा नाहीं. परंतु देवराई आधींच राखलेली आहे; तिला तोडण्याचा कोणाचा बेत नव्हता; म्हणून बाजाराच्या नियमाप्रमाणें तिचें मोल शून्य. उद्यां कोणी ती तोडण्याची धमकी दिली, तर मात्र ती वांचविण्याचें क्रेडिट निघूं शकेल! तर्काला हें पटतें. गांवच्या म्हाताऱ्या माणसाला तें समजावून सांगणें कठीण आहे.

आणि नियम सैल केला तर काय होतें, तेंहि जगानें पाहिलें आहे. २०२३ च्या जानेवारींत उष्ण प्रदेशांतील अरण्यें वांचविल्याच्या क्रेडिटांवर वृत्तपत्रांनीं मोठा भडिमार केला. वांचविल्याचें सांगितलेलें पुष्कळसें रान मुळांत धोक्यांत नव्हतेंच, असा आरोप होता. २०२४ च्या ऑगस्टमध्यें व्हेरा या जगांतील मोठ्या नोंदणी-संस्थेनें चीनमधील भातशेतीचे ३७ प्रकल्प एकदम फेंटाळले. असा एक तडाखा बसला कीं गिऱ्हाईक मागें सरतें, भाव पडतो, आणि ज्यानें प्रामाणिकपणें काम केलें त्याचाहि माल पडून राहतो.

कायमपणाची अट तर मावळांत फारच बोंचणारी. मातींत किंवा झाडांत सांठविलेला कर्ब वीस-तीस वर्षें, कधीं चाळीस वर्षें, तेथेंच राहिला पाहिजे, असें करार म्हणतो. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला आणि लोणावळा-कामशेतच्या दोन्ही बाजूंना जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊं लागला. ज्या शिवारांत एक गुंठा लाखांच्या भाषेंत विकला जातो, तेथें चाळीस गुंठ्यांच्या एकराला कर्बाचे वर्षाकांठीं दोन-पांचशें रुपये मिळणार. मुलीचें लग्न निघालें, दुखणें आलें, मुलाला शिकावयास पाठवावयाचें झालें, म्हणजे मावळचा शेतकरी पांच-दहा गुंठे काढतो, हें उघड सत्य आहे. अशा घरानें चाळीस वर्षांचा शब्द देऊन ठेवावा काय? देऊन ठेवला आणि जमीन विकली, तर घेणारावर तो बंधनकारक राहील काय, आणि न राहिल्यास मिळालेले पैसे परत कोणी करावयाचे? हे प्रश्न करार वाचतांनाच विचारावयाचे आहेत; सही झाल्यावर त्यांचें उत्तर ठरलेलें असतें.

त्यांत सातबाराची स्थिति आणखी निराळी. आजोबांच्या नांवावरून तीन मुलगे, चार मुली, त्यांचीं मुलें, असे दहा-बारा वारस एका उताऱ्यावर येतात. कसणारा एक, मुंबईत चाकरी करणारे तिघे, सासरीं असलेल्या बहिणींची सही कोणी घेतलेली नाहीं. कर्बाचें क्रेडिट हें जमिनीच्या मालकीला चिकटतें, कष्टाला नव्हे. म्हणून सर्वांची संमति नसेल तर तें उभेंच राहत नाहीं. चिखल तुडविला एकानें आणि हिस्सा मागितला बाराजणांनीं, तर २३६ रुपयांचें काय होणार तें सांगावयास नको.

मोजणीचा खर्च एकट्या दुकट्याला झेपणारा नसतो, म्हणून हजारों शेतकऱ्यांची मोट बांधल्याखेरीज हा धंदा चालत नाहीं. ऑस्ट्रेलियांत एकेका मालकाचें शेत हजारों हेक्टरांचें असतें. आपल्याकडे तेवढ्या जमिनीसाठीं अनेक गांवें एकत्र करावीं लागतात. थेंबे थेंबे सांठवून मोठें काम उभारण्याचा धडा मावळाला नवीन नाहीं. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडानें १९०८ सालीं कांचेचा कारखाना काढला, तो याच मावळांत, तळेगांव दाभाडे येथें. तेथें गोळा करणारा आणि देणारा यांचा हेतु एक होता, आणि हिशेब लोकांपुढें मांडला जात होता. कर्बाची मोट बांधणारी कंपनी नफ्यासाठीं येते. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तिनें क्रेडिट कोणाला, केव्हां आणि काय भावानें विकलें हें शेतकऱ्याला कळण्याची सोय करारांत नसेल, तर त्याचा टक्का कशावरचा टक्का आहे हेंच त्याला कळणार नाहीं. विक्रीच्या एकूण रकमेवरील साठ टक्के आणि खर्च वजा जातां उरलेल्या रकमेवरील साठ टक्के यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. गांवची सेवा सोसायटी किंवा शेतकऱ्यांचीच उत्पादक कंपनी मधें असली, तर निदान हिशेबाची वही गांवांत राहते.

मावळच्या निसर्गाला किंमत येण्याची ही पहिली वेळ नव्हे. येथल्या पावसाचें मोल प्रथम टाटांच्या इंजिनियरांनीं ओळखलें. १९१० सालीं कंपनी निघाली. लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव बांधले गेले. आणि १९१५ सालीं सुमारें ५०० मीटर खालीं खोपोलीला पडणाऱ्या पाण्यानें मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. तोंवर घाटमाथ्याचा पाऊस हा फुकट वाहून जाणारा पाऊस होता. चक्र बसलें आणि तो पैसा झाला. शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ सालीं धरणाचें काम सुरू झालें तेव्हां जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह मांडला. सेनापति बापट त्या लढ्याचे अग्रणी झाले. तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालेंच. त्या वेळीं भांडण नुकसानभरपाईच्या दरापलीकडलें होतें. ज्याच्या शेतांत पाऊस पडतो त्याला त्या पावसाच्या किंमतींत कांहीं बोलण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हें त्याच्या मुळाशीं होतें. कर्बशेतींत जमीन जात नाहीं, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण मोजण्याचें यंत्र, नोंदीची वही आणि बाजाराचें दार हीं तिन्ही पुन्हां खोऱ्याबाहेरच्या माणसाच्या हातांत असणार.

मग शेतकऱ्यानें यांत पडूं नये काय? तसें म्हणणें अतिरेकाचें होईल. चिखलणी सोडली, मुळें जमिनींत राखलीं, वरकशीवर बांबू लावला, राबासाठीं झाडें बोडकीं करणें थांबविलें, तर त्याचा लाभ मजुरींत, ओलाव्यांत आणि पिकांत त्याच वर्षीं किंवा दोन-तीन वर्षांत दिसूं लागतो. कर्बाचे दोनशें-दोन हजार रुपये हे त्यावरचें तोंडीलावणें समजावें; जेवण समजूं नये. जो करार शेताच्या दृष्टीनें एरवींहि शहाणपणाचें असलेलें काम करावयास सांगतो आणि मोडला तर दंड मागत नाहीं, तो करावयास हरकत नाहीं. जो आगाऊ फी मागतो, किंवा नेमका टनाचा भाव आजच छातीठोकपणें सांगतो, त्याच्यापुढें पेन खाली ठेवावें.

एक गोष्ट मात्र करार असो वा नसो, प्रत्येक खातेदारानें करून ठेवण्यासारखी आहे. वाढ झाली हें सिद्ध करावयास आधींची नोंद लागते, आणि ती मागाहून तयार करतां येत नाहीं. मातींतील सेंद्रिय कर्ब काढण्याची वॉकले आणि ब्लॅक यांची १९३४ सालची रीत आजहि माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळांतून रोजच्या वापरांत आहे. तेव्हां उन्हाळ्यांत, राब भाजण्यापूर्वीं आणि शेणखत पसरण्यापूर्वीं, प्रत्येक खाचरांत सहा-सात ठिकाणीं खड्डे घेऊन त्यांतली माती एकत्र कालवावी, सावलींत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत अर्धा किलोवर आणावी, आणि पिशवींत गट नंबर, खाचराची खूण, खोली व तारीख लिहिलेली चिठ्ठी घालून ती तपासणीस द्यावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि जुन्या राबाच्या जागेवरची माती त्यांत मिसळूं नये. तेथला आंकडा नेहमींच फुगलेला येतो. दर तीन वर्षांनीं त्याच महिन्यांत, त्याच खोलीवर, त्याच खाचरांत पुन्हां नमुना घ्यावा, आणि तीं सर्व पत्रकें सातबाराच्या उताऱ्याबरोबर एकाच पेटींत ठेवावीं.